चांगलं म्हणायची भीती

कनेरगाव नाक्याला जायचं, सुनेसमोर उभं राहायचं आणि तिला चांगलं म्हणायचं. काम एवढंच होतं. पण पंचफुलाबाईचा पाय सकाळपासून घराबाहेर निघत नव्हता. भाकरी ताटात तशीच होती, चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. गोधडीची पिशवी तिनं चारदा उघडली, चारदा बांधली, आणि दर वेळी तिला वाटलं, आजचा दिवस राहू द्यावा, उद्या जाऊ.

असं उद्यावर ढकलत तीन आठवडे गेले होते. सून सीमा महिन्याभरापूर्वी, सातव्या महिन्यात, माहेरी गेली होती. पहिलटकरीण माहेरी जाते यात काही नवल नाही. पण ओटी भरायच्या आधीच बापाला फोन करून बोलावून घेणं, सासूच्या पाया पडताना वर न बघणं आणि तिथं पोचल्यावर फोन न उचलणं, ही काही बाळंतपणाला जाण्याची तऱ्हा नव्हती. आठवड्यापूर्वी मुलगा रामप्रसाद तिकडं जाऊन आला. येऊन त्यानं निरोप सांगितला की सीमा म्हणते, लेकरू झालं तरी ती आणि लेकरू नाक्यालाच राहणार, या घरात ती पुन्हा पाय ठेवणार नाही. सांगून तो मान खाली घालून जेवला आणि औंढ्याच्या बाजूला खतासाठी एका शेतात बसवलेल्या मेंढरांकडं निघून गेला. आईशी कडाकडा भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सुनेला तिनं असं काय छळलं होतं? उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही, कामाला जुंपलं नाही. तिचा गुन्हा निराळाच होता. तीन वर्षांत सुनेबद्दल तिनं एकही बरा शब्द तोंडातून काढला नव्हता, आणि तो काढला नव्हता कारण सून तिला जिवापाड आवडत होती.

ऐकणाऱ्याला हे उलटं वाटेल. पण पंचफुलाबाईच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं, आणि त्या घरात जे सगळ्यात चांगलं त्याला वाईट म्हणायची रीत. कळपातलं सगळ्यात देखणं कोकरू असेल त्याचं नाव ‘खरज्या’. रस्त्यानं जाणाऱ्यानं कळपाला चांगलं म्हटलं की तिचा नवरा लिंबाजी लगेच म्हणणार, कसलं काय, खंगलीत सगळी, पोळ्यापर्यंत टिकतात का बघायचं. कळपात डोकी किती, हे तो सख्ख्या मेव्हण्यालाही सांगत नसे. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, आणि दृष्ट लागलेलं मेंढरू दुसऱ्या दिवशी पाय वर करतं, याबद्दल त्या घरात कुणाला शंका नव्हती. म्हणून ज्याला जपायचं त्याला नावं ठेवायची. मेंढरांना काही कळत नाही, ती खुशाल चरतात. सुनेला कळतं, ही साधी गोष्ट मात्र या शहाण्या बाईच्या डोक्यात शिरली नाही.

सीमाचा बाप ग्यानोबा यानं मेंढरं कधीच सोडली होती. नाक्यावर त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल. घरातून मेंढरं गेली तशी ही रीतही गेली. त्यामुळं सीमाच्या भाकरीचं शेजारणीनं कौतुक केलं आणि सासू म्हणाली, कसली भाकर, नुसतं चामडं, तेव्हा सीमानं ते खरं धरलं. सून देखणी मिळाली असं कुणी म्हटलं की सासू म्हणे, उजेडात बघा म्हणजे कळेल. अशी तीन वर्षं गेली. पोरगी एकदाही उलटून बोलली नाही.

आणि मग ती दुपार आली. गावातली आशा सेविका निलम सीमाला तपासणीहून परत घेऊन आली होती. ओसरीवर बसून ती कौतुकानं सांगत होती की बाळाचं वजन चांगलं, ठोके चांगले, वाढ चांगली. तिनं तीनदा चांगलं म्हटलं आणि पंचफुलाबाईच्या छातीत तीनदा धस्स झालं. चौथ्यांदा म्हणायच्या आत तिनं घाईघाईनं म्हणून टाकलं, "कसलं चांगलं. मरतुकडं निघतंय बघा."

शेळ्या शिरू नयेत म्हणून हळदीच्या वाफ्याला काटे लावावेत तसे तिनं ते शब्द पोटातल्या लेकराभोवती लावले होते. सीमा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन बापाला फोन लावला.

पंचफुलाबाईला तेव्हा काहीच उमगलं नाही. उमगलं ते सुयांमुळं. तिला जवळचं दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. सीमा दर चार-सहा दिवसांनी सात-आठ सुयांत लांबलांब दोरे ओवून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवायची. कुणी सांगायला नको, विचारायला नको. माहेरी निघाली त्या सकाळीही, डोळे सुजलेले असताना, तिनं सगळ्या सुया ओवून ठेवल्या होत्या. पंचफुलाबाई गोधडी शिवत होती आणि एकेक सुई संपत होती. शेवटची संपली त्या दिवशी ती उन्हात बसून अर्धा तास दोऱ्याचं टोक चाटत, पिळत राहिली. दोरा काही आत जाईना. तिला एकदम रडू आलं आणि का आलं ते तिचं तिलाच कळेना. वाटेनं निलम चालली होती. तिनं सुई ओवून दिली आणि न राहवून बोललीच.

"मावशी, सीमा माझ्यापाशी लई रडली. म्हणली, आत्याबाई कुत्र्यासाठी गोधडी शिवून राहिल्या अन् माझ्या लेकराला मरतुकडं म्हणून राहिल्या."

गोधडी कुत्र्यासाठी नव्हती. मऊ झालेल्या तीन लुगड्यांची, बारीक टाक्याची ती गोधडी कुणासाठी होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण कुणी विचारलं की पंचफुलाबाई सांगायची, कुत्र्याला बसायला. सीमानं विचारलं तेव्हाही तिनं तेच सांगितलं होतं.

निलमचं म्हणणं एकच होतं. तिथं जायचं आणि पोरीच्या तोंडावर तिला चांगलं म्हणायचं, निरोप धाडायचा नाही. निलमला सोपं वाटत होतं. चांगलं म्हटल्यावर काय होतं ते पंचफुलाबाईनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ते तिनं आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. म्हणजे एकीकडं घर सुनेला आणि नातवंडाला मुकणार, आणि दुसरीकडं आपल्याच तोंडानं त्यांच्यावर संकट आणणार. या दोन भीतींमध्ये ती तीन आठवडे जात्यातल्या दाण्यासारखी फिरत होती.

अखेर ती निघाली. लिंबाजीनं पिशवी उचलून नरसीच्या थांब्यापर्यंत आणून दिली. आजूबाजूच्या शेतांत हळद शिजत होती, तिचा उग्र वास नाकात बसत होता. थांब्यावर पोचल्यावर पंचफुलाबाईच्या लक्षात आलं की आपल्या चपलेचा तुटका अंगठा शिवलेला आहे. काल संध्याकाळी म्हातारा कोपऱ्यात पाठ करून काहीतरी करत बसला होता, ते हे. बरं केलं, एवढंच म्हणायचं होतं. आज तेच करायला निघालोय, इथूनच सुरुवात करावी, असं तिच्या मनात आलंही. तोंडातून मात्र निघालं, "टाका वर आलाय. टोचंल."

लिंबाजी "हां" म्हणाला. गाडी आली. खिडकीतून तिनं मागं बघितलं तर तो तिथंच उभा होता, आणि तिला स्वतःचा संताप आला. छत्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला दोन शब्द देता येत नाहीत आणि ही बाई चालली तालुका ओलांडून सुनेला द्यायला.

हिंगोलीला तिनं गाडी बदलली. वाशिमच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा गुडघा ठणकत होता आणि उजवा डोळा सारखा लवत होता, म्हणजे त्यातही शुभ काही नव्हतं. एका बाईनं तिच्याकडं बघितलं, आपलं बोचकं मांडीवर घेतलं आणि सरकून तिला जागा करून दिली. कुणी सांगितलं नव्हतं, ओळख ना पाळख. ती तांड्यावरची पारुबाई. डोक्यावर आरसे लावलेली ओढणी, हातभर बांगड्या, आणि बोलायची इतकी हौस की शेजारी बसलेला माणूस गप्प राहील तर त्याची तब्येत विचारेल.

तिनं पिशवीतून डोकावणाऱ्या गोधडीचा काठ दोन बोटांत धरला. तिला शिवणाची जाण होती. टाका नख लावून बघितला आणि विचारलं, कुणासाठी?

"कुत्र्यासाठी," पंचफुलाबाई म्हणाली.

पारुबाईनं गोधडीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "तुमचं कुत्रं लई नशिबाचं हाय, बाई," ती म्हणाली.

तिनं ते चेष्टेनं म्हटलं होतं. पंचफुलाबाईला मात्र हसू आलं नाही. आणि मग सिरसम गावाच्या अलीकडंच तिनं या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. सुया, भाकरी, मरतुकडं, रामप्रसादचा निरोप, सगळं. फक्त एक गोष्ट तिनं तेव्हाही सांगितली नाही. पारुबाईनं मधे तोंड घातलं नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं, पण खरं आहे. सगळं ऐकून झाल्यावर ती आपल्या सासूचं सांगायला लागली. ती सासू तीस वर्षं पारुबाईच्या हातचं जेवली आणि ताटात काय पडलंय याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही. मरायच्या आधी दोन दिवस म्हणाली, पोरी, तुझ्या हाताला चव होती.

"मी म्हणलं, सासूबाई, आधी सांगितलं असतं तर मी अजून चांगलं रांधलं असतं. तीस वर्षं मी भीत भीत मीठ टाकलं."

हे सांगताना पारुबाई हसत होती आणि ओढणीनं डोळेही पुसत होती. मग तिनं पंचफुलाबाईला फर्मावलं की नाका यायच्या आत एकदा करून बघा, मला काहीतरी चांगलं म्हणा, म्हणजे जिभेला वळण लागेल.

पंचफुलाबाईला घाम फुटला. तिनं इकडंतिकडं बघितलं, जणू कुणी ऐकून तक्रार करणार होतं. ओढणीवरचे आरसे खरोखर सुंदर होते, प्रत्येकाभोवती रंगीत दोऱ्याची बारीक कड. "काम बरं हाय," ती पुटपुटली. नुसतं बरं का, असं पारुबाईनं विचारलं. पंचफुलाबाईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "चांगलं हाय. लई चांगलं हाय."

आणि गाडीला करकचून ब्रेक लागला. सगळे पुढं फेकले गेले, कुणाचा तरी डबा सांडला. पंचफुलाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पारुबाईचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, बघा, मी म्हणत नव्हते? पुढं काही भयंकर घडलं नव्हतं. हळदीच्या पोत्यांची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आडवा वळला होता आणि ड्रायव्हर खिडकीतून त्याच्या खानदानाची चौकशी करत होता. पारुबाईनं शांतपणे ओढणी पुढं ओढली आणि एकेक आरसा बोटानं तपासून बघितला.

"सगळे जागच्या जागी हायेत," ती म्हणाली. "गाडीला झालं असंल काय ते. गाडीला तुमी चांगलं कुठं म्हणला होतात?"

नाक्याच्या अलीकडच्या फाट्यावर ती उतरली. उतरताना म्हणाली की घरी गेल्यावर पहिलं हेच सांगणार, आज एका बाईनं माझ्या कामाला लई चांगलं म्हटलं. तिचा चेहरा असा खुलला होता की पंचफुलाबाई बघतच राहिली. दोन शब्दांनी माणूस एवढं बदलतं, आणि ते दोन शब्द आपण तीन वर्षं गाठीला बांधून ठेवले, या विचारानं तिच्या काळजात कळ आली. पण भीती काही गेली नाही. ओढणीला म्हणणं वेगळं आणि पोटातल्या जिवाला म्हणणं वेगळं.

ग्यानोबाचं हॉटेल रस्त्याला लागूनच होतं, मागं राहायच्या दोन खोल्या. त्यानं तिला "या" म्हटलं, पण हातातला झारा खाली ठेवला नाही. आतमधे सीमाच्या आईनं, म्हणजे इहीणबाईनं, पाणी दिलं, बसायला चटई टाकली आणि चहा ठेवायला म्हणून जी पाठ केली ती केलीच. सीमा झोपली आहे, असं सांगण्यात आलं. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि खाटेवरून खाली सोडलेली तिची पावलं दिसत होती. झोपलेल्या माणसाचे अंगठे असे जमीन उकरत नाहीत.

पंचफुलाबाईनं वाटभर घोकलेलं सगळं जिभेच्या टोकावर आणलं. एवढ्यात इहीणबाई, काहीतरी बोलायचं म्हणून असेल किंवा टोमणा म्हणून असेल, म्हणाली की इथं आल्यापासून पोरगी चांगली भरलीय, चेहऱ्यावर तेज आलंय.

तेज हा शब्द कानावर पडला आणि पंचफुलाबाईची जीभ आपल्या जुन्या वाटेनं सुटली. "कसलं तेज," ती म्हणाली, "सूज असंल."

आतलं दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

इहीणबाईनं चहाचं पातेलं उतरवलं आणि वळली. तिचा आवाज चढला नाही, हे जास्त लागलं. "इतक्या लांबून हेच बोलायला आलात काय?" तिनं विचारलं.

पंचफुलाबाईला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. सगळं संपलं होतं. पिशवी उचलावी, रस्ता ओलांडावा, हिंगोलीच्या गाडीला हात करावा, एवढंच उरलं होतं. ती उठलीही. पण पिशवी उचलायच्या ऐवजी ती त्या बंद दारापाशी गेली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली.

"सीमा, दार उघडू नको," ती म्हणाली. "तुझं तोंड बघितलं की मला बोलता येत न्हाई. नुसतं ऐक. तू सुया ओवून ठेवतीस. जाताना बी ठेवून गेलीस. मला दात न्हाईत म्हणून भाकरीचा कडक काठ तू मोडून खातीस अन् मधलं मऊ मला वाढतीस. मला दिसत न्हाई असं तुला वाटतं, पण मला दिसतंय. मला आकडे कळत न्हाईत म्हणून तू फोनमदी फोटो टाकले. रामप्रसादच्या जागी रामप्रसाद, अन् मालकाच्या जागी मेंढा. मी तुझ्यापुढं हासले न्हाई. मागल्या अंगणात जाऊन लई हासले. तू माझ्या घरात आलीस तवापासून मला सकाळी उठावं वाटतंय. तू चांगली हायेस, पोरी. लई चांगली हायेस."

शेवटचे शब्द म्हणताना तिनं खांदे आकसून घेतले होते, वरून काही पडणार असल्यासारखे. काही पडलं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला. इहीणबाई हातात पातेलं धरून उभी होती आणि चहा कुणी गाळलाच नाही.

मग आतून सीमाचा आवाज आला, कोरडा.

"अन् लेकरू? त्याला काय म्हणला होतात?"

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पंचफुलाबाई दारापाशीच खाली बसली आणि तेहतीस वर्षांत कुणाजवळ न काढलेली गोष्ट तिनं एका बंद दाराला सांगितली. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला पहिली मुलगी झाली होती. रामप्रसाद बराच मागून झाला. त्या साली मेंढरं हट्टा गावाकडं बसवली होती, उघड्या रानात मुक्काम होता. पोरगी आठ महिन्यांची, गुटगुटीत, नुकती बसायला लागलेली. एका सकाळी ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि आईला राहवलं नाही. तिनं पोरीला वर उचललं आणि लिंबाजीला हाक मारून म्हणाली, बघा तरी, कशी सोन्यासारखी दिसती माझी पोर. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. वसमतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मांडीवर काहीच उरलं नव्हतं. लिंबाजीनं तिला कधी दोष दिला नाही, त्यानं त्या सकाळबद्दल कधी तोंडच उघडलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं आपल्या माणसाला पुन्हा चांगलं म्हटलं नाही.

कडी निघाली. दारात सीमा उभी होती, पोट चांगलंच पुढं आलेलं, डोळे ओले. ती हळूच चौकटीला धरून सासूच्या शेजारी खाली बसली.

"तिचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पंचफुलाबाईचे ओठ हलले, आवाज मागून आला. "गजरा."

"ह्यांना ठाऊक हाय?" तिनं रामप्रसादबद्दल विचारलं.

"न्हाई. कोण सांगणार."

सीमा समजुतीनं म्हणाली, "तो ताप होता, आत्याबाई. बोलण्यानं ताप येत न्हाई."

"व्हय," पंचफुलाबाई म्हणाली. "डोक्याला ठाऊक हाय ते. जिभेला न्हाई."

इहीणबाई डोळ्याला पदर लावून चुलीकडं वळली. आता सगळं निवळलं असं कुणालाही वाटलं असतं. पण सीमा काही लोण्याची बनलेली नव्हती. तीन वर्षं तिनं मुकाट्यानं ऐकलं होतं आणि आज ती अर्ध्यावर सोडणार नव्हती.

"मला म्हणलात ते मी ऐकलं," ती म्हणाली. "पर लेकराला म्हणलेलं तसंच राहिलंय. ते तसंच ठेवून मी त्याला त्या घरात कशी आणू? त्याला बी म्हणा. मी ऐकते."

पंचफुलाबाईनं तिच्याकडं बघितलं. ही पोरगी रागानं मागत नव्हती, तिला ते खरोखर हवं होतं. आणि यापेक्षा अवघड काही तिला कुणी कधी मागितलं नव्हतं. हट्ट्याचं ते ऊन, पोरीचं हसणं, सगळं डोळ्यांपुढं आलं. नको म्हणावं, उठून जावं, लेकरू जगू दे, मग नाक्याला राहिलं तरी चालेल, असं तिला क्षणभर वाटलं. तसं केलं तर मात्र हे लेकरू जन्मभर धरून चालणार होतं की आजीला आपण नको होतो.

"लेकरू," ती म्हणाली आणि थांबली. "लेकरू चांगलं हाय. धडधाकट हाय. माझ्या घरी येणार हाय, अन् मी त्याची वाट बघून राहिले."

म्हणून होताच तिचे दोन्ही हात आपोआप कानशिलांकडं गेले, बोटं मोडून दृष्ट काढायला. सीमानं ते मधेच धरले. एक सोडला, दुसरा आपल्या पोटावर ठेवला आणि वरून आपला हात दाबला.

पोट घट्ट होतं, उबदार होतं. आत काही हलत नव्हतं. पंचफुलाबाई वाट बघत राहिली. काहीच नाही. तिच्या अंगातून वारं गेल्यासारखं झालं. आत्ताच म्हटलं, आणि आत्ताच.

"हलत काहून न्हाई?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"झोपलंय," सीमा म्हणाली. "ह्या टायमाला झोपतंच ते. उठंल थोड्या वेळात. तुमी बसा."

ती बसली. हिंगोलीची एक गाडी हॉर्न देत निघून गेली. इहीणबाईनं चहा आणून शेजारी ठेवला, साखर जास्त टाकली आहे म्हणाली, आणि स्वतःही तिथंच टेकली. सीमा हळूहळू बोलत होती. बाळंतपण झालं की सव्वा महिन्यानं न्यायला या, असं ती सांगत होती, आणि रामप्रसादला एकट्याला धाडायचं नाही, तुम्ही स्वतः यायचं. पंचफुलाबाईनं मान हलवली, पण तिला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. तिचा सगळा जीव तळहातात गोळा झाला होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तळहाताखाली काहीतरी सावकाश सरकलं, थांबलं, आणि मग चांगलं जोरात ढुशी मारून गेलं. सीमा कळ लागून हसली.

"चांगलं हाय," पंचफुलाबाई म्हणाली. या वेळी तिला ते कुणी म्हणायला लावलं नव्हतं, आणि तिचे हात कानशिलांकडं गेले नाहीत; दुसराही तिनं सीमाच्या पोटावर ठेवला.